शनिवारचे काका: ठाण्यातल्या एका पुस्तकदालनाचं प्रकरण

दुकान बंद व्हायच्या आधीचा शेवटचा शनिवार होता. काचेवर आतून लाल कागद चिकटवले होते, 'सर्व पुस्तकं ५० टक्के'. फळ्या, गोल टेबलं, अगदी बिलाचा काउंटरसुद्धा विकला गेला होता आणि घेणाऱ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या त्यावर लागल्या होत्या. साडेअकराच्या सुमारास काका आले. शर्टाच्या खिशातून लांबट वही काढली, एक पान उघडलं आणि वही माझ्या हातात दिली. "एवढी काढून दे, बाळ. नसतील ती राहू दे."

चौदा नावं होती, त्यातली अकरा सापडली. छापील किंमत २,६४० रुपये. काकांनी १,३२० रुपये भरले, नोटा दोनदा मोजून.

गठ्ठा बांधताना मी ते पान नीट पाहिलं. प्रत्येक नावापुढे तारखा होत्या: पहिल्यांदा कधी हातात घेतलं, दुसऱ्यांदा कधी, त्या वेळी किंमत काय होती. एका पुस्तकापुढे सहा तारखा, पहिली २०११ मधली. ही अकराच्या अकरा पुस्तकं त्यांनी आमच्याच फळ्यांवरून उचलली होती, उभ्यानं वाचली होती आणि जागच्या जागी परत ठेवली होती. आठ वर्षं हा माणूस आमच्या दुकानात शनिवारी येत होता, त्याला काय हवं आहे हे तारीखवार लिहून ठेवत होता, आणि आम्ही त्याला ते विकलं ते दुकान मोडल्यावर, निम्म्या किमतीत.

मी त्या दुकानात २०१० मध्ये, उद्घाटनाच्या आठवड्यात लागले आणि २०१८ मध्ये शटर पडेपर्यंत होते. ठाण्यातल्या एका मॉलच्या पहिल्या मजल्यावर, देशभर दालनं असलेल्या एका चेनचं ते दुकान. चेन का बुडतात याचं उत्तर सगळे एका शब्दात देतात, 'ऑनलाइन'. हे उत्तर खोटं नाही, पण मी जे पाहिलं ते त्यात मावत नाही. म्हणून हे एकच दुकान आणि हा एकच वाचक, जेवढं मला आठवतं आणि जेवढं त्या वहीत आहे, तेवढं मांडते आहे.

काका

कळव्याला राहणारे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात नोकरी केली, २००२ साली व्हीआरएस घेतली. पैसे मुलीच्या लग्नात आणि घराच्या दुरुस्तीत गेले. उरली ती ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून मिळणारी पेन्शन आणि थोडं व्याज. या पेन्शनीत किमान रक्कमच मुळी २०१४ साली महिना १,००० रुपये झाली, यावरून अंदाज यावा. पुस्तकांसाठी त्यांनी महिन्याला ३०० रुपये बाजूला काढलेले असायचे, पुढे ते ५०० केले. एखाद्या महिन्यात काही घेतलं नाही तर ते पैसे पुढच्या महिन्यात जमा. दुसरीकडे कुठेही खर्च होत नसत.

शनिवारी सकाळी खाडीपुलावरून चालत ठाण्यात यायचे. आधी मराठी ग्रंथ संग्रहालय. महाराष्ट्र सारस्वतकार विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकारानं १८९३ साली ठाण्यात सुरू झालेली ही संस्था. काका तिचे कित्येक वर्षांचे सभासद होते. तिथून पुस्तक बदलून टीएमटीच्या बसनं मॉलपर्यंत. दोन तास आमच्याकडे. मग गोखले रोडवर चहा आणि परत.

त्यांच्या चाळण्याला शिस्त होती आणि ती मला फार उशिरा कळली. पुस्तक तीन भेटींत पारखायचं. पहिल्या भेटीत मलपृष्ठ आणि प्रस्तावनेची दोन पानं, बस. दुसऱ्या भेटीत अनुक्रमणिका, मधलं कुठलंही एक प्रकरण सलग, आणि शेवटी सूची आहे का. तिसऱ्या भेटीत फक्त एक प्रश्न: हे मला दुसऱ्यांदा उघडावं लागेल का? नाही असं उत्तर आलं तर ते नाव 'ग्रंथालय' या रकान्यात जायचं आणि पुढे तिथून आणून वाचलं जायचं. हो असं आलं तर 'घेणे'. कथा-कादंबऱ्या बहुतेक पहिल्या रकान्यात. कोश, कवितासंग्रह, झाडांची-पक्ष्यांची पुस्तकं, इतिहासाची साधनं दुसऱ्या. "कादंबरी वाचून झाली की माझ्यात राहते. कोश माझ्यात राहत नाही, तो घरातच लागतो," असं ते म्हणायचे.

'घेणे' रकान्यातलं पुस्तक लगेच घ्यायचं असंही नाही. माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला किंवा फोर्टच्या फुटपाथवर जुनी प्रत मिळते का हे ते वर्षभर बघत. नव्या पुस्तकाची प्रकाशनपूर्व सवलत जाहीर झाली की पैसे आधी भरून ठेवत. स्ट्रँड बुक स्टॉल या दुकानाचा वार्षिक सेल सुंदराबाई हॉलमध्ये लागला की जेवणाचा डबा घेऊन जात. आणि चौथा मार्ग म्हणजे आम्ही, पण फक्त तेव्हा, जेव्हा बाकीचे तीन मार्ग बंद असत.

वहीत आणखी एक रकाना होता, 'कुठून कळलं'. त्यात 'परीक्षण', 'अमुकने सांगितलं', 'ग्रंथालय' अशा नोंदी असत. आणि सगळ्यात जास्त वेळा एकच शब्द: 'फळीवर'. म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं, शोधायलाही गेले नव्हते, समोर दिसलं आणि उचललं.

दुकान

सुमारे चार हजार चौरस फूट. मराठीला दीड कप्पा, खांबाच्या मागे. काय मागवायचं ते हेड ऑफिस ठरवायचं, आणि हेड ऑफिस दुसऱ्या राज्यात. दारातलं पहिलं टेबल तर आमचं नव्हतंच. त्या टेबलावरची जागा मोठे इंग्रजी प्रकाशक पैसे देऊन घेत, आणि कुठलं पुस्तक किती आठवडे ठेवायचं याचा तक्ता मेलवर यायचा.

डिसेंबर २०१० मध्ये ठाण्यात ८४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष उत्तम कांबळे. गावात कमानी लागल्या होत्या, रिक्षावाले संमेलनाचं बोलत होते. संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनातून लोक दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाहेर पडत होते. त्या आठवड्यात आमच्या पहिल्या टेबलावर नाताळची भेटपुस्तकं आणि पुढच्या वर्षाच्या डायऱ्या होत्या. निदान एक टेबल मराठीचं लावू, संमेलनाध्यक्षांची पुस्तकं मागवू, असं मी तेव्हाच्या मॅनेजरला म्हटलं. त्यांनी मेल केली. उत्तर जानेवारीत आलं.

काका त्या शनिवारी आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या पिशवीत संमेलनात घेतलेली पाच पुस्तकं होती. "चार महिन्यांचे पैसे एकदम घातले," म्हणाले. अपराधी वाटत होतं त्यांना, आणि आनंदही लपत नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस विकत घेतो. फक्त आमच्याकडून घेत नाही.

आकडे

काकांची बाजू घेण्याआधी दुकानाचा हिशेब मांडायला हवा. नाहीतर मॅनेजरवर अन्याय होईल, आणि तो माणूस वाईट नव्हता.

२५० रुपये किमतीचं पुस्तक. दुकानाला त्यावर ३५ टक्के कमिशन मिळतं असं धरू. मराठीत कमी-जास्त होतं, पंचवीसपासून चाळीसपर्यंत. म्हणजे दुकानाच्या हाती ८७ रुपये ५० पैसे. यातून भाडं, मॉलचा देखभाल आकार, वीज, एसी, पगार, आणि न विकलेला माल परत पाठवण्याचा खर्च. फ्लिपकार्ट २००७ साली पुस्तकं विकतच उभं राहिलं, २०१० मध्ये त्यांनी माल हातात पडल्यावर पैसे द्यायची सोय आणली, २०१३ मध्ये अॅमेझॉन भारतात आलं. हेच पुस्तक तिथे ३० टक्के सवलतीनं १७५ रुपयांना घरपोच मिळू लागलं. आम्ही तेवढी सवलत दिली असती तर ७५ रुपये गेले असते आणि दुकानाकडे साडेबारा रुपये उरले असते. साडेबारा रुपयांत मॉलमधली एक फळी एक दिवससुद्धा उभी राहत नाही.

शिवाय मॉलच्या करारात दर तीन वर्षांनी भाडं १५ टक्क्यांनी वाढायचं. पुस्तकाची किंमत त्या वेगानं वाढत नाही, आणि वाढली तर काकांसारखा माणूस घेत नाही.

कराचा मुद्दा फारसा कुणी बोलत नाही, पण तो मोठा आहे. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य. वाचकासाठी ही चांगलीच गोष्ट. पण करमुक्त माल विकणाऱ्याला, त्यानं भाड्यावर भरलेला १८ टक्के जीएसटी वळता करून घेता येत नाही. शेजारच्या चपलांच्या दुकानालाही तोच १८ टक्के लागतो, पण तो चपलांवर गोळा केलेल्या करातून वजा करतो. आमच्याकडे पुस्तकांच्या वाट्याचा तो कर पूर्ण खर्चात जायचा. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. त्याआधी सेवा कर होता, आणि तोही अंगावरच पडायचा, फक्त तो शेजारच्या चपलावाल्यालाही वळता करता येत नसे. म्हणजे जीएसटीत दुकानात जितकी पुस्तकं जास्त तितका भाड्यावरचा कर अंगावर जास्त, आणि खेळणी, दप्तरं, पाण्याच्या बाटल्या वाढवल्या की त्या प्रमाणात कर वळता होतो. एखादं पुस्तकांचं दुकान दोन वर्षांत खेळण्यांचं का होतं, याचं हे एक अगदी साधं कारण आहे. आवड बदलली, पिढी बदलली, हे सगळं नंतर येतं.

आमच्याकडे तर हे जीएसटीच्याही आधी, २०१३ पासूनच सुरू झालं होतं. आधी मुलांच्या पुस्तकांच्या जागी खेळणी, मग प्रवासवर्णनं गेली, मग कविता. मराठीचा दीड कप्पा एक झाला. लहान प्रकाशकांची देणी थकली होती. दादरच्या एका प्रकाशकाचा माणूस तीनदा येऊन बसून गेला, चौथ्यांदा आला नाही आणि त्यांचे गठ्ठेही थांबले. फळीवर जागा दिसायला लागली की हेड ऑफिसच्या तक्त्यात 'मराठी: विक्री कमी' असं यायचं. पुस्तकंच नव्हती, तर विक्री कुठून होणार?

प्लास्टिक

२०१४ च्या उन्हाळ्यात दोन आदेश आले. पहिला, बसायची तीन लाकडी बाकडी काढा. दुसरा, ३०० रुपयांच्या वरची सगळी पुस्तकं प्लास्टिकच्या वेष्टनात ठेवा. कारण असं दिलं होतं की हाताळून प्रती खराब होतात आणि लोक इथे वाचून घरी जाऊन ऑनलाइन मागवतात. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पुस्तकाच्या मागच्या पानाचा फोटो काढून तिथेच उभं राहून मोबाइलवर ऑर्डर देणारी मुलं मी रोज पाहत होते. मला ते लागायचं. आज तोच प्रसंग आठवला तरी लागतो.

पण काकांच्या हातून प्रत खराब झालेली मी कधी पाहिली नाही. पुस्तक उचलायच्या आधी ते रुमालानं दोन्ही हात पुसायचे. उन्हातून आलेले, तळहात ओले असायचे. पुस्तक पूर्ण उघडायचे नाहीत, आत डोकावून पाहावं इतकंच, कणा मोडू नये म्हणून. खूण म्हणून पान दुमडणं तर दूरच.

आदेशानंतरच्या पहिल्या शनिवारी ते सह्याद्रीतल्या झाडांवरचं एक पुस्तक हातात घेऊन उभे राहिले. साडेचारशे रुपये. वेष्टनावरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "आत चित्रं रंगीत आहेत की काळी-पांढरी?" मला माहीत नव्हतं. "सूची आहे का शेवटी? मराठी नावांची?" तेही माहीत नव्हतं. मी चार वर्षं त्या कप्प्याची जबाबदार होते आणि मला माझ्या फळीवरच्या पुस्तकात काय आहे ते सांगता येईना, कारण तेही गुंडाळूनच आलं होतं.

मी काउंटरवरचं ब्लेड आणून वेष्टन कापलं. काकांनी हात पुसले, मागून उघडलं. सोळा रंगीत पानं होती, मध्ये एकत्र शिवलेली. सूची नव्हती. "झाड समोर दिसलं की यात शोधायचं कसं?" एवढंच म्हणून त्यांनी ते परत दिलं.

बाजूला एक बाई उभ्या होत्या, शाळेत शिक्षिका असाव्यात, बोलण्यावरून वाटलं. त्यांनी काकांना विचारलं, "मग सूची असलेलं कुठलं आहे?" काका खाली वाकले, सगळ्यात खालच्या फळीवरून दुसरं एक पुस्तक काढलं. सहाशेचं होतं. वेष्टन यायच्या आधी त्यांनी ते दोनदा चाळलं होतं, त्यामुळे आत काय आहे ते त्यांना पाठ होतं. कुठल्या क्रमानं झाडं दिली आहेत, पानांची रेखाटनं कशी आहेत, कुठल्या दोन झाडांत घोटाळा होतो आणि लेखकानं तो कसा सोडवला आहे, पाच मिनिटं सांगत होते. बाईंनी घेतलं. शाळेसाठी आणखी एक प्रत मागवून ठेवायला सांगितली.

संध्याकाळी नोंदी झाल्या त्या अशा: ६०० रुपयांची विक्री माझ्या कप्प्याच्या नावावर, ४५० रुपयांची एक प्रत 'खराब', कारण वेष्टन कापलेलं, तीही माझ्याच नावावर. काकांचं नाव कुठेच नाही. त्यांनी काही घेतलं नव्हतं, म्हणून आमच्या लेखी ते त्या दिवशी दुकानात आलेच नव्हते. दाराशी मोजणी व्हायची ती आत येणाऱ्यांची, आणि ताळेबंदात दिसायचं ते बिल. मधला माणूस, जो दुसऱ्याच्या हातात पुस्तक देतो, तो कुठल्याच तक्त्यात बसत नव्हता.

या प्रकरणात मला जे म्हणायचं आहे ते या प्रसंगात आहे. काटकसरी वाचक फुकट वाचतो, हे खरं. पण तो जितकं फुकट वाचतो तितकं दुकानातल्या कुणीच वाचलेलं नसतं. ज्याच्याकडे ३०० रुपये आहेत तो ते चुकू नयेत म्हणून दहा पुस्तकं नीट तपासतो. ज्याच्याकडे ३,००० आहेत त्याला तपासायची गरज नसते, तो घरी बसूनही मागवू शकतो आणि मागवतोच. दुकानात येण्याचं खरं कारण ज्याच्यापाशी होतं, त्याचीच बाकडी आम्ही काढली.

फोर्टमधल्या स्ट्रँड बुक स्टॉलचे टी. एन. शानभाग यांच्याबद्दल सांगतात की तरुणपणी खिशात पैसे नसताना एका दुकानात पुस्तकं चाळताना त्यांचा अपमान झाला, आणि लोकांना मोकळेपणानं पुस्तक हाताळता येईल असं दुकान काढायचं त्यांनी तेव्हाच ठरवलं. १९४८ साली त्यांनी ते काढलं, आणि ते सत्तर वर्षं चाललं. काका स्ट्रँडबद्दल बोलायचे तेव्हा सवलतीचं नंतर सांगायचे. आधी सांगायचे ते हे, की तिथे कुणी हटकत नाही.

भिशी

२०१५ च्या दिवाळीनंतर काकांनी एक कागद आणून दिला. वहीचंच पान, सुवाच्य अक्षर. 'पुस्तक-भिशी' असं वर लिहिलेलं. कल्पना अशी: सभासदानं दर महिन्याला १०० रुपये दुकानात भरायचे. बारा महिन्यांनी १,२०० झाले की दुकानानं १,३०० रुपयांची पुस्तकं द्यायची. पैसे बुडत नाहीत, दुकानाला आगाऊ रक्कम मिळते, आणि सभासदाला वर्षभर ठरवायला वेळ मिळतो. शिवाय त्यानं काय घ्यायचं ठरवलं आहे ते आधी कळलं तर तेवढंच मागवता येतं, माल पडून राहत नाही.

मी हिशेब केला. तेराशेवर शंभर, म्हणजे आठ टक्क्यांहूनही कमी सवलत. आमचं लॉयल्टी कार्ड याहून महाग पडत होतं. त्या कार्डाची गोष्ट अशी की वर्षात ठरावीक रकमेची खरेदी झाली तरच जमा झालेले गुण वापरता येत, नाहीतर वर्षाअखेर शून्य. काकांची वर्षाची सगळी पुस्तकखरेदी ३,६०० ते ६,००० रुपयांची, आणि तीही पाच ठिकाणी विभागलेली. त्यांचे गुण दोन वर्षं लागोपाठ शून्य झाले, मग त्यांनी कार्ड दाखवणं सोडलं.

मराठी वाचकाला ही पद्धत नवी नाही. प्रकाशनपूर्व सवलत हे आगाऊ पैसे भरणंच आहे. सत्तरच्या दशकात ग्रंथाली वाचक चळवळ उभी राहिली ती सभासद वाचकांच्या बळावरच. मोठे कोश आणि ग्रंथांचे संच हप्त्यांवर घेतलेली घरं आजही ठाण्यात-डोंबिवलीत सापडतील.

मॅनेजरना कल्पना आवडली. त्यांनी मनापासून मेल लिहिली, कागदाचा फोटो जोडला. उत्तर दोन ओळींचं होतं: बिलिंगच्या सिस्टीममध्ये अशी तरतूद नाही, त्याऐवजी गिफ्ट व्हाउचर सुचवावं. गिफ्ट व्हाउचर किमान ५०० रुपयांचं आणि सहा महिन्यांत संपणारं. काकांना मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी कागद घडी करून परत वहीत ठेवला. रागावले नाहीत. पुढच्या शनिवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. मग महिन्यातून एकदा येऊ लागले.

बाहेरच्या जगात याच काळात काय चाललं होतं ते मला नंतर वाचून कळलं. अमेरिकेतल्या बॉर्डर्सनं २००१ साली आपली ऑनलाइन विक्री अॅमेझॉनकडे सोपवली आणि २०११ मध्ये ती चेन दिवाळखोरीत जाऊन बंद झाली. त्याच २०११ मध्ये ब्रिटनमधल्या वॉटरस्टोन्सची सूत्रं जेम्स डाँट यांच्याकडे आली. त्यांनी पहिल्या टेबलावरच्या जागेसाठी प्रकाशकांकडून पैसे घेणं बंद केलं आणि काय मांडायचं ते त्या त्या गावातल्या दुकानावर सोपवलं. परत जाणारा माल घटला, आणि ती चेन वाचली. ऑनलाइन तिथेही होतंच. फ्रान्समध्ये तर १९८१ पासून कायदाच आहे की नव्या पुस्तकावर पाच टक्क्यांहून जास्त सवलत द्यायची नाही. आपल्याकडे तसं काही नाही. काकांना मी एकदा हे सांगितलं तर ते गप्प झाले. जुन्या पुस्तकांवर आणि सेलवर जगणाऱ्या माणसाला हा कायदा नकोसाच वाटणार, आणि मी त्यांना दोष देत नाही.

आपल्याकडे चेन्नईत १९८७ मध्ये सुरू झालेली लँडमार्क टाटांच्या ट्रेंटकडे गेली, हळूहळू खेळणी-स्टेशनरीकडे वळली आणि तिची मोठी दालनं मिटली. १९९२ मध्ये मुंबईत सुरू झालेली क्रॉसवर्ड २०२१ मध्ये शॉपर्स स्टॉपनं पुण्याच्या एका व्यावसायिक घराण्याला विकली, ती अजून चालू आहे. स्ट्रँड फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद झालं. आमचं दुकान त्याच वर्षी, काही महिन्यांनी.

नंतर

काकांची वही मी पुढेही पाहिली, त्यांनीच दाखवली. 'कुठून कळलं' या रकान्यात २०१८ नंतर 'फळीवर' हा शब्द फार क्वचित दिसतो. 'परीक्षण', 'मित्र', 'ग्रंथालय', आणि नातवानं मोबाइलवर दाखवलेलं एखादं. घेतलेल्या पुस्तकांची संख्या फारशी कमी झालेली नाही, उलट सवलतीमुळे एक-दोन वर्षं वाढलीच. पण विषय आटले. इतिहास आणि कोश, कोश आणि इतिहास. झाडं, कीटक, नाण्यांवरचं एक चोपडं, कोकणी म्हणींचा संग्रह, असलं जे २०११ ते २०१४ च्या पानांवर दिसतं ते पुढे नाही. मोबाइलवर जे शोधलं त्याच्यासारखंच पुढे येतं. न शोधलेलं समोर यायला फळीच लागते, आणि फळीसमोर विनाकारण उभं राहू देणारी जागा लागते.

ग्रंथालय हे काम करत नाही का, असं कुणी विचारेल. करतं, आणि ठाण्याचं तर फार चांगलं करतं. पण राज्याच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय कर नाही, सार्वजनिक ग्रंथालयं सरकारी अनुदान आणि सभासदांची वर्गणी यावर चालतात, त्यामुळे नवं पुस्तक तिथे यायला वेळ लागतो आणि काही येतच नाहीत.

मी आता ऐरोलीत एका ओळखीच्यांच्या स्टेशनरी आणि झेरॉक्सच्या दुकानात दोन फळ्या चालवते. पुस्तकं सगळी मराठी. २०२३ पासून काकांच्या त्या कागदाप्रमाणे भिशी सुरू केली, १०० रुपये महिना, वहीतच हिशेब. तेवीस सभासद आहेत. बहुतेक बायका, दोन रिक्षावाले, एक नर्स. प्रत्येक नव्या पुस्तकाची एक प्रत उघडी ठेवते, तिच्यावर 'चाळण्यासाठी' असा शिक्का. ती प्रत विकत नाही. हाच माझा सगळ्यात मोठा खर्च आहे, आणि इथेच घोडं अडलं आहे. उघडी प्रत निम्म्या किमतीत द्या असं मी सहा प्रकाशकांना विचारलं. दोघांनी होकार दिला, तिघांनी किमान दहा प्रती रोखीत घ्या मग बघू म्हटलं, एकाचा अजून फोन नाही. स्टेशनरीवाल्या दादांना दुसरी फळी परीक्षेच्या दिवसांत गाइडसाठी हवी आहे. फेब्रुवारी जवळ आला की त्यावर पुन्हा बोलावं लागेल.

काका विटाव्यावरून बसनं येतात, आता पंधरा दिवसांतून एकदा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, बारीक टाइप चालत नाही, म्हणून तिसऱ्या भेटीआधी एक नवीन तपासणी वाढली आहे: अक्षराचा आकार. गेल्या वेळी त्यांनी एक कवितासंग्रह चाळला, वहीत तारीख घातली आणि ठेवून दिला. दुसरी भेट व्हायची आहे. ती प्रत मी परतीच्या गठ्ठ्यात घातलेली नाही.